मुख-मानेच्या कर्करोगाचे शस्त्रकर्म : संशोधनाचे निष्कर्ष व आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्यायात शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. प्रधानकर्म काही तासांत आटोपते. पूर्वकर्म व पश्चात्कर्म मात्र आठवडे व महिने चालतात. मुख, जिव्हा, गाल, स्वरयंत्र व मान यांच्या कर्करोगाचे प्रधानकर्म आज सुसज्ज रुग्णालयांतील तज्ज्ञ शल्यचिकित्सक करतात आणि ते त्यांनीच करावे. त्याच्या आधीच्या व नंतरच्या दिवसांत मात्र रुग्ण स्वतःच्या गावी असतो, ओळखीच्या वैद्याकडे जातो आणि नेहमीच्या दुकानातून औषध घेतो.

गेल्या पंचवीस वर्षांत या शस्त्रकर्माच्या परिणामांवर देश-विदेशात पुष्कळ चिकित्सा-संशोधन झाले आहे. त्यातील काही महत्त्वाचे काम मुंबई व केरळ येथे झाले, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे. हे संशोधन आयुर्वेदीय व्यावसायिकांनी मुळापासून समजून घ्यावे असे आम्हास वाटते. रुग्ण वाचतो की नाही, वाचल्यास त्याला गिळता-बोलता येते की नाही, याचा बराचसा निर्णय आपल्या हातात असलेल्या दिवसांत होतो, हे त्यातून वारंवार दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात या निष्कर्षांचा परिचय करून देऊन त्यांचा आपल्या दैनंदिन व्यवहाराशी असलेला संबंध मांडण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

व्याधीची व्याप्ती

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखातील सात अधिष्ठानांचे पासष्ट रोग वर्णिलेले आहेत, तर ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा स्वतंत्र अध्याय आहे. मुखाची बारकाईने परीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आज त्या परीक्षेची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतीय पुरुषांत ओठ व मुख यांचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे.

कारणे सर्वांना ठाऊक आहेत. तंबाखू, गुटखा, खर्रा, मावा, विडी व मद्य ही त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रात ग्रामीण व कष्टकरी स्त्रियांत मशेरीची सवय आहे आणि 'दात दुखतो म्हणून लावते' असे सांगून ती अनेकदा लपविली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी ही तंबाखूविनाही मानवास कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. संहितांत तांबूलसेवन व मुखशुद्धीच्या द्रव्यांत पूगाचा उल्लेख आहे हे खरे. परंतु त्या आधारावर आजच्या सुपारीच्या पुड्यांचे समर्थन करता येणार नाही. दिवसभर गालात धरून ठेवलेल्या सुपारीमुळे गालाचे आतील आवरण कठीण होत जाते, तिखट झोंबू लागते व तोंड उघडेनासे होते. अशा मुखात पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

वाट पाहण्याची किंमत

जिभेचा किंवा गालाचा कर्करोग लहान असताना मुखातील गाठ काढून टाकली जाते. अशा वेळी मानेतील लसिकाग्रंथी हाताला लागत नसतील तर त्या त्याच वेळी काढाव्यात की थांबून, वाढल्या तरच काढाव्यात, हा प्रश्न शल्यचिकित्सकांत अनेक दशके वादाचा होता. दोन्ही बाजूंकडे तर्क होते. मानेचे शस्त्रकर्म मोठे असते, खांद्यास त्रास होतो. शिवाय अनेक रुग्णांच्या ग्रंथींत रोग नसतोच. मग सर्वांना हा त्रास का द्यावा, असे एका पक्षाचे म्हणणे होते.

या वादाचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिले. २००४ ते २०१४ या काळात तेथे ५९६ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात मुखातील गाठीबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या गेल्या. दुसऱ्या गटात केवळ मुखातील गाठ काढून रुग्णास देखरेखीखाली ठेवले गेले व मानेत ग्रंथी दिसू लागल्यावरच मानेचे शस्त्रकर्म केले गेले. पहिल्या ५०० रुग्णांचे मधल्या टप्प्यातील विश्लेषण होताच फरक इतका स्पष्ट दिसला, की देखरेख समितीने चाचणी थांबविण्याचा सल्ला दिला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

तीन वर्षांनंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर थांबलेल्या गटात ६७.५ टक्के होते. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते. दुसऱ्या शब्दांत, आठ रुग्णांच्या मानेचे शस्त्रकर्म वेळीच केल्यास एक जीव वाचतो, आणि चार रुग्णांत ते केल्यास एकाचा रोग उलटणे टळते. थांबलेल्या गटात ज्यांच्या मानेत ग्रंथी उद्भवल्या, त्यांचा रोग तोपर्यंत पुढच्या अवस्थेत गेलेला होता व अनेकांत तो ग्रंथीचे आवरण भेदून बाहेर पसरलेला होता.

या आकड्यांचा अर्थ शल्यचिकित्सकांपुरता मर्यादित नाही. थांबलेल्या गटातील रुग्ण देशातील अग्रगण्य कर्करोग रुग्णालयाच्या देखरेखीखाली होते. ठरावीक अंतराने अनुभवी हातांनी त्यांची मान तपासली जात होती. मूळ गाठ आधीच काढलेली होती. इतके असूनही वाट पाहिल्यामुळे दर आठांत एक जीव अधिक गेला. मग गालातील चट्ट्यावर इरिमेदादि तेलाचा गण्डूष व खदिरादि वटी चालू ठेवून 'आणखी एक महिना पाहू' असे जेव्हा आपल्यापैकी कोणी म्हणतो, तेव्हा ती वाट पाहणे किती महागात पडत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. ही औषधे त्यांच्या अधिकारात उत्तम आहेत. अर्बुद हा त्यांचा अधिकार नव्हे.

केवळ डोळ्यांनी होणारी परीक्षा

दुसरे महत्त्वाचे काम केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाले. १९९६ पासून तेथील तेरा पंचायत-गटांपैकी सात गटांतील प्रौढांची मुखपरीक्षा ठरावीक अंतराने करण्यात आली. उरलेल्या सहा गटांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. परीक्षा करणारे डॉक्टर नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले सामान्य पदवीधर आरोग्यसेवक होते. साधन म्हणजे डोळे, बोटे व प्रकाश एवढेच. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांसह सर्व लोकसंख्येचा एकत्रित विचार केल्यास मात्र फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे व्यसन असलेल्यांची मुखपरीक्षा करण्यात खरा लाभ आहे.

काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला पदवीधर जे करू शकतो, ते शालाक्यतंत्र शिकलेल्या वैद्यास अशक्य नाही. जिह्वापरीक्षा तर आपण रोज करतोच. तंबाखू, सुपारी वा मशेरी घेणारा कोणताही रुग्ण, तो अम्लपित्तासाठी आलेला असो वा संधिवातासाठी, त्यास तोंड पूर्ण उघडावयास सांगावे. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ दोन्ही बाजूंस वळवून तिच्या कडा व खालचा भाग पाहावा. हातमोजा घालून बोटाने चाचपून पाहावे व शेवटी मान तपासावी. यास दोन-तीन मिनिटे लागतात.

पुढील लक्षणे तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास औषध न बदलता रुग्णास कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे : न भरणारा व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा, मानेतील गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडखळणे, कारणाविना हलू लागलेला दात, एकाच बाजूचा कान दुखणे. कान स्वच्छ असून कान दुखत असेल तर जीभ व घसा अवश्य पाहावा.

बायोप्सीविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. 'गाठीला सुई लावली की ती पसरते' असे सांगणारे शेजारी प्रत्येक गावात असतात. मुखकर्करोगात बायोप्सीशिवाय निदान निश्चित होत नाही व निदानाशिवाय उपचार सुरू होत नाहीत. हा गैरसमज दूर करण्यास वैद्याचा शब्द फार उपयोगी पडतो, कारण रुग्णाचा त्याच्यावर आधीपासूनच विश्वास असतो.

दिवसांचा हिशेब

निदान झाल्यानंतरही वेळ महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग नोंदींचा आधार घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निदान ते उपचाराचा आरंभ यातील अंतर सुमारे ४६ ते ५२ दिवसांच्या पुढे गेल्यास मृत्यूचा धोका वाढत असल्याचे आढळले. शस्त्रकर्मानंतर ज्यांना किरणोपचार आवश्यक असतात, त्यांचे किरणोपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा सध्याचा मान्य दंडक आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात रोग उलटण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांचा विचार केला होता. शस्त्रकर्मापासून किरणोपचार संपेपर्यंतचा एकूण काळ अकरा आठवड्यांच्या आत राहिला, त्यांच्यात रोगाचे नियंत्रण व आयुर्मान दोन्ही अधिक चांगले दिसले.

आता आपल्याकडील रुग्णाचा प्रवास पाहावा. निदान झाल्यावर घरात बैठक होते. कोणी दूरच्या एखाद्या 'खात्रीच्या' औषधाचा पत्ता देतो. महिना-दीड महिना त्यात जातो. शस्त्रकर्म झाल्यावर रुग्ण गावी येतो, जखम भरलेली दिसते, दुखणे थांबते, आणि 'आता गाठच राहिली नाही तर वीज कशाला घ्यायची' असा प्रश्न घरात उभा राहतो. अशा वेळी तो आपल्याकडे 'ताकदीचे औषध' मागावयास येतो. आपण त्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा : किरणोपचाराची तारीख कोणती? तारीख उलटून गेली असल्यास त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधून द्यावा. पैशाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. पात्र कुटुंबांस अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाचे शस्त्रकर्म व किरणोपचार या योजनेखाली मिळू शकतात.

हानी कशाने होते?

पूरक चिकित्सेमुळे कर्करोग रुग्णांचे नुकसान होते, असा आरोप आपल्या शास्त्रावर अधूनमधून होतो. त्यासाठी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आधार घेतला जातो. हा अभ्यास स्तन, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस व मोठे आतडे यांच्या कर्करोगाचा आहे, मुख-मानेचा नाही. तरीही त्यातील धडा सर्वत्र लागू पडावा असा आहे.

या अभ्यासात प्रचलित उपचारांबरोबर पूरक चिकित्सा घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. परंतु संशोधकांनी पुढे जाऊन कारण शोधले. पूरक चिकित्सा घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांनी सुचविलेले किरणोपचार नाकारले होते. इतरांत हे प्रमाण केवळ २.३ टक्के होते. शस्त्रकर्म नाकारणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ७ टक्के व ०.१ टक्का होते. उपचारास नकार व विलंब यांचा हिशेब वजा केल्यावर दोन गटांतील उरलेला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.

याचा सरळ अर्थ असा, की औषधासोबत आलेल्या नकाराने हानी केली. पुडीतील द्रव्य निरुपद्रवी असू शकते. पण ती पुडी देताना वैद्याच्या मौनातून 'ते उपचार नाही घेतले तरी चालेल' असा संदेश रुग्णापर्यंत गेला, तर ती पुडी प्राणघातक ठरते. म्हणून अशा रुग्णास औषध देताना 'शस्त्रकर्म व किरणोपचार पूर्ण करण्याच्या अटीवरच हे औषध आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे, चिठ्ठीवर लिहावे, व नातेवाइकांसमोर सांगावे.

पूर्वकर्म : काय थांबवावे, काय वाढवावे

शस्त्रकर्माचा दिवस ठरलेल्या रुग्णाने घेत असलेली सर्व औषधे भूलतज्ज्ञास सांगितली पाहिजेत. रुग्ण आयुर्वेदीय औषधे सांगत नाही. त्यास ती औषधे वाटतच नाहीत, किंवा सांगितल्यास डॉक्टर रागावतील अशी भीती असते. वनस्पतिज औषधे शस्त्रकर्मापूर्वी दोन आठवडे थांबवावीत, असा सल्ला भूलतज्ज्ञ सामान्यतः देतात. त्यामागे ठोस कारणे आहेत. औषधी मात्रेत घेतलेला लसूण रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतो. यष्टिमधु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरात क्षार व पाणी साठते, रक्तदाब वाढतो व पोटॅशियम कमी होते. त्रिभुवनकीर्ति रस, आनंदभैरव रस यांसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांचा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो. भूल देताना असा परिणाम कोणासही नको असतो. घसा दुखतो, ताप आहे म्हणून ही औषधे सहज दिली जातात, याकडे लक्ष असावे. मधुमेह, रक्तदाब वा हृद्रोगाची रुग्णालयाने दिलेली औषधे मात्र तज्ज्ञाच्या सूचनेशिवाय बंद करू नयेत.

वाढवावयाची गोष्ट म्हणजे आहार. मुखकर्करोगाचा रुग्ण दुखण्यामुळे कमी खातो व शस्त्रकर्मापूर्वीच कृश होतो. २०१७ मध्ये मान व मुखाच्या मोठ्या शस्त्रकर्मांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जे एकत्रित मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात शस्त्रकर्मापूर्वी पोषणाची तपासणी व शस्त्रकर्मानंतर लवकर नळीवाटे आहार यांवर भर आहे. मऊ भात, मुगाचे कढण, दूध, तूप, अंडी, नाचणीची पेज असा घरातील आहार रुग्णाच्या अग्नीनुसार व मधुमेह पाहून ठरवून देणे हे वैद्याचे खास क्षेत्र आहे. एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णास एकदम भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार धोकादायकरीत्या घटतात. लंघनानंतर पेयादि संसर्जनक्रम शिकलेल्या वैद्यास हे तत्त्व नवे नाही.

तंबाखू त्याच दिवशी बंद करावी. शस्त्रकर्मात गाल वा जबडा काढावा लागल्यास हाताच्या किंवा पायाच्या ऊती रक्तवाहिन्यांसह तेथे बसविल्या जातात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम भरण्यास उशीर होतो. शिवाय उपचारानंतरही व्यसन चालू ठेवणाऱ्यास दुसऱ्या जागी नवा कर्करोग होण्याचा धोका राहतो.

किरणोपचारांच्या काळात रसायन द्यावे का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक विचारला जातो. येथे कॅनडातील क्युबेक प्रांतात झालेली एक चाचणी प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुख-मानेचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असून किरणोपचार घेणाऱ्या ५४० रुग्णांपैकी अर्ध्यांस ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन देण्यात आले. उरलेल्यांस तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. बीटा-कॅरोटीनविषयी शंका उत्पन्न झाल्याने ते पहिल्या १५६ रुग्णांनंतर बंद करण्यात आले. २००५ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही पोषके मिळालेल्या रुग्णांत किरणोपचारांचे तीव्र दुष्परिणाम कमी दिसले. रुग्णास बरे वाटले. परंतु पूरक औषध चालू असताना त्यांच्यात दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते, आणि पुढे केलेल्या पाहणीत एकूण मृत्यूही अधिक आढळले.

आपली रसायने म्हणजे ई जीवनसत्त्व नव्हे, हे मान्य. पण 'तोंड कमी भाजले, म्हणजे औषध लाभले' हे अनुमान अपुरे आहे, हे या चाचणीने दाखविले. किरणोपचार व केमोथेरपी चालू असताना मोठ्या मात्रेतील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये तज्ज्ञाच्या संमतीशिवाय देऊ नयेत. सिस्प्लॅटिन चालू असलेल्या रुग्णास तर अधिक जपावे. २०१८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेमुळे दोन वर्षांनी ७३.१ टक्के रुग्णांत स्थानिक रोग आटोक्यात राहिला, तर दर आठवड्याच्या लहान मात्रेत तो ५८.५ टक्क्यांत राहिला. औषधाची पूर्ण मात्रा मिळणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानी यावे. सिस्प्लॅटिनचा ताण वृक्कांवर पडतो. वृक्क बिघडल्यास मात्रा कमी करावी लागते किंवा औषध थांबवावे लागते. अशा वेळी पारद वा सोमलयुक्त कल्प देणे म्हणजे रुग्णाच्या मुख्य उपचारातच अडथळा आणणे होय.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किरणोपचारांत मुखपाक होऊ नये म्हणून मध वापरण्यावर अनेक देशांत चाचण्या झाल्या. मलेशियातील ४० रुग्णांच्या चाचणीत २००३ मध्ये तीव्र मुखपाक लक्षणीय घटल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये विशिष्ट न्यूझीलंडच्या मधाने तसा लाभ आढळला नाही. सर्व पुरावा तपासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या मार्गदर्शनात मुख-मानेच्या किरणोपचारांतील मुखपाक-प्रतिबंधासाठी मधाची सूचना समाविष्ट केली. आपल्या मधुप्रयोगास मिळालेली ही मान्यता आनंदाची आहे. तथापि मधुमेही रुग्णांत व लाळ आटल्याने दात किडण्याचा धोका असलेल्यांत तारतम्य हवे. यष्टिमधूच्या स्थानिक प्रयोगावर जामनगर येथील काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते आशादायक आहे. मोठ्या, बहुकेंद्री चाचण्यांची आता गरज आहे. त्या आपल्याच महाविद्यालयांनी कर्करोग रुग्णालयांच्या सहकार्याने कराव्यात.

पश्चात्कर्म : जगणे व जगण्याजोगे जगणे

शस्त्रकर्मानंतर रुग्ण घरी येतो, तेव्हा त्याच्या नाकात आहाराची नळी असू शकते, गळ्यात श्वासाचे छिद्र असू शकते. गिळण्याची क्रिया पूर्ववत नसते. अशा रुग्णास गण्डूष, नस्य किंवा तेलकट द्रव्य देऊ नये. द्रव श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनिया होतो. गिळण्याचे प्रशिक्षण तज्ज्ञाकडून झाल्यावर, त्यांच्या संमतीने कवलासारखे सौम्य उपाय करता येतील. शस्त्रकर्म झालेल्या मानेवर मर्दन करू नये. बसविलेल्या ऊतींची रक्तवाहिनी तेथूनच गेलेली असते.

मानेतील ग्रंथी काढताना खांद्याच्या स्नायूस जाणारी नाडी दुखावू शकते. हात वर होत नाही, खांदा खाली येतो व दुखतो. पुष्कळदा यास 'वात' समजून केवळ तेल दिले जाते. कॅनडातील ५२ रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या क्रमशः वाढत्या व्यायामाने खांद्याचे दुखणे व अक्षमता नेहमीच्या व्यायामापेक्षा अधिक कमी झाली. म्हणून फिजिओथेरपी चालू आहे ना, हे विचारावे.

तोंड उघडण्याचेही तसेच आहे. वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरहून कमी झाल्यास तोंड आखडले असे मानले जाते. साधी पट्टी घेऊन दर महिन्यास हे अंतर मोजून नोंदवावे. कमी होत असल्यास व्यायाम व पुढील तपासणीसाठी पाठवावे. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात परस्पर काढू देऊ नये, अन्यथा जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. किरणोपचारांपूर्वीच दंततपासणी होणे म्हणूनच आवश्यक असते. मानेवरील किरणोपचारानंतर अनेकांत काही महिन्यांनी वा वर्षांनी थायरॉइड ग्रंथी मंदावते. रुग्ण आळस, सूज, थंडी वाजणे सांगतो व आपण त्यास कफप्रकोप किंवा दौर्बल्य समजून उपचार करतो. सहा ते बारा महिन्यांनी रक्ताची तपासणी सुचवावी.

औषधविक्रेत्यांसाठी

तोंडाच्या फोडांवर लावावयाचे मलम, वेदनाशामक गोळी किंवा दंतमंजन घेण्यासाठी एकच गिऱ्हाईक वारंवार येत असेल, तर त्यास 'किती दिवस झाले?' असे विचारावे व तीन आठवडे उलटले असल्यास वैद्याकडे पाठवावे. तंबाखूमिश्रित टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातलेली आहे. 'सुपारीयुक्त' मुखवासही औषधालयाच्या फळीवर नसावा असे आम्हास वाटते. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. दुकानात लावलेला फलक, वाटलेली पत्रके यांचाही त्यात समावेश होतो. कायद्याची भीती बाजूस ठेवली तरी अशा एका पत्रकाने रुग्णाचे सहा आठवडे वाया जाऊ शकतात, आणि ते सहा आठवडे त्यास परत मिळत नाहीत.

समारोप

वरील सर्व संशोधनाचा रोख एकाच दिशेकडे आहे. लवकर ओळखलेला, विलंबाविना शस्त्रकर्म झालेला, किरणोपचार वेळेत पूर्ण केलेला, पोषण टिकविलेला व व्यसन सोडलेला रुग्ण बरा होण्याची शक्यता अधिक असते. यातील शस्त्रकर्म व किरणोपचार सोडल्यास बाकीच्या प्रत्येक गोष्टीत वैद्य व औषधविक्रेता यांचा हात लागू शकतो.

संघटनेच्या जिल्हा शाखांनी पुढील वर्षभरात प्रत्येकी एक मुखपरीक्षा शिबिर जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्याने घ्यावे व प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यात एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. नोंदवहीत चारच रकाने असावेत : पाठविल्याचा दिनांक, निदानाचा दिनांक, शस्त्रकर्माचा दिनांक, किरणोपचार सुरू झाल्याचा दिनांक. या चार दिनांकांमधील अंतरे आपल्या भागातील रुग्णांचे भवितव्य सांगतील. वर्षाअखेरीस या नोंदी संघटनेकडे आल्यास त्यांतून आपल्याच रुग्णांविषयीचे, आपल्याच हातांनी केलेले एक उपयुक्त संशोधन उभे राहील. सभासदांनी या कार्यास आपला वेळ द्यावा, ही विनंती.